गोल कोपरा

दुन्योची दुसरी थोबाडीत बसली तसा सेत्सोफिया मिस्त्रीचा पुढचा दात उडून ऐरणीवर टण्णकन वाजला.

"बघ वहिनी," दुन्यो खिदळला, "आता तुझी नि याची जोडी जमली!"

दारात काळ्या कपड्यात उभ्या असलेल्या एसिनामने ओठ मिटून घेतले. तिचा दात तिच्या नवऱ्याने, आग्बेकोने पाडला होता. मासळी खारट झाली म्हणून! तीन आठवड्यांपूर्वी त्याच आग्बेकोवर त्याच्याच दुकानाचा पोटमाळा कोसळला, सिमेंटच्या गोण्यांसकट. आता त्याचा धाकटा भाऊ दुन्यो, घानातल्या टेमा बंदरावरचा दादा, हिशेब चुकता करायला आला होता.

मिस्त्रीनेच त्या माळ्यासाठी घडवलेल्या लोखंडी तुळईचा तुटका तुकडा त्याने मिस्त्रीच्या छातीवर फेकला.

"चांगल्या लोखंडाची टोकं कापतोस कशाला रे हरामखोरा? तुझी चूक असेल तर हात ठेचीन. कुणी मुद्दाम केलं असेल, तर त्याला जिवंत जाळीन."

"कापावीच लागतात, साहेब." मिस्त्री रक्त थुंकला. "छोटी तुळई मोठीला येऊन भिडते. दोघींचा माथा एका पातळीत हवा, तर छोटीची वरची पट्टी टोकाशी कापून काढायची, नाहीतर ती आत शिरतच नाही. पण खाचेचा कोपरा गोल हवा. आधी ड्रिलने भोक, मग भोकापर्यंत काप. काटकोन राहिला की तिथूनच तडा जातो. माझा कुठलाही माल बघा!"

एसिनामला हे पाठ होतं. रोज दुपारी ती केंके, आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकायला यायची, ड्रमवर बसून शंभर प्रश्न विचारायची. मिस्त्री कटरसाठी गॅसचा सिलिंडर आणायला गेला की कारखान्याची राखणही तीच करायची.

दुन्योने अंगणातल्या चारही तुळया तपासल्या. सगळे कोपरे गोल, बाळाच्या टाचेसारखे. हातातल्या तुकड्याचा कोपरा मात्र काटकोनी, वर त्यातून दोन बोटं आत गेलेली चीर.

"मग कुणी कापली? टेमात कटर धरणारे ओळखायचे कसे?"

"त्यात काय! ठिणग्या चपलेत शिरतात. प्रत्येकाच्या पावलावर वाटाण्याएवढे डाग असतात. हे माझे बघा."

"अस्सं! मग आज सगळ्यांच्या चपला काढतो. जुने डाग, नवे डाग, सगळे बघतो." दुन्योने त्याला लाथेने पालथा पाडला आणि मानेवर बूट ठेवला.

मिस्त्रीचा गाल जमिनीला चिकटला. समोर फक्त पाय दिसत होते. त्याची नजर दारातल्या काळ्या कपड्याखालच्या चपलांवर थांबली.

"राहू द्या," तो शेवटी म्हणाला. "मीच कापली. त्या दिवशी ड्रिल बिघडलं होतं. घाई केली."

"आत्ता आलास ताळ्यावर!"

मिस्त्रीने उजवा हात स्वतःच ऐरणीवर ठेवला. घण दोनदा पडला. पहिल्यांदा तो ओरडला, दुसऱ्यांदा आवाजच फुटला नाही.

दुन्यो घण फेकून निघून गेला. एसिनाम धावत आली, डोक्याचा रुमाल सोडून त्या चेंदामेंदा झालेल्या बोटांभोवती गुंडाळू लागली.

"काका, तुम्ही कशाला...?"

"डाग फिके होईपर्यंत," तो कण्हत म्हणाला, "बंद बूट घालत जा, पोरी."