तीन हाका

“पारू!”

हाक आली आणि मालिनीताईच्या ओठांतली शिट्टी गवतात पडली. हाक तिच्याच आवाजातली होती. तिने मात्र तोंड उघडलं नव्हतं.

मैदानात बारा मुली डोळ्यांवर पट्ट्या बांधून उभ्या होत्या. खेळ मांडला तेव्हा लख्ख ऊन होतं. पण कशेळ्याच्या वरच्या पठारावर भाद्रपदात धुकं यायला कितीसा वेळ लागतो? पट्ट्यांच्या गाठी मारून होईपर्यंत शाळेची कौलं दिसेनाशी झाली. आणि हाक शाळेकडून आली नव्हती. ती कड्याच्या बाजूने आली होती. तिकडे माणसाला उभं राहायला जागाच नव्हती.

पारू जागची हलली नाही. ताईला हायसं वाटलं. नेम असा होता की पहिल्या हाकेला हलायचं नाही.

हा नेम काही ताईने घातलेला नव्हता. साल चौसष्टचं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मालिनीताई कर्जतहून एसटीने यायची आणि बालिका पथक भरवायची. पथकात एकेक गुण खेळातून शिकवायचा. या खेपेचा गुण होता तत्परता. कुणी हाक मारली की लगेच ओ द्यायची आणि हाकेच्या दिशेने निघायचं, तेही डोळे बांधून.

पहिल्याच शनिवारी खेळ फसला. ताई हाक मारी आणि मुलगी ढिम्म उभी.

“कान फुटले का गं तुमचे?” ताई वैतागून म्हणाली.

“पयल्या हाकेला ओ द्यायची नाय, ताई,” पारू म्हणाली. ती दहा वर्षांची होती आणि सगळ्यांच्या वतीने बोलायची तिला सवय होती. “कड्याखालची हाय ना, ती एकदाच हाक मारते. मानूस तीनदा मारतं. आमी तिसऱ्या हाकेलाच ओ देतो.”

या एका नेमावर पठारावरची पोरं पिढ्यान्‌पिढ्या रानात जात होती आणि सुखरूप घरी येत होती. ताई पोट धरून हसली. ती बावीस वर्षांची होती, आणि त्या वयात माणसाला सगळंच कळतं. पण मुलींना दुखवायचं नव्हतं आणि खेळही बुडवायचा नव्हता. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, अशी युक्ती तिने काढली.

“बरं बाई, मी तीनदा हाक मारीन. पण तिसऱ्या हाकेनंतर थांबायचं नाही. बाकीच्या फसवतील, मीसुद्धा ‘थांब’ म्हणेन. ऐकायचं नाही. सरळ हाकेच्या दिशेने चालायचं.”

मग खेळ असा रंगला की विचारू नका. जनी एकदा मास्तरांच्या वाळत घातलेल्या धोतरात शिरली. मैना शेणात फतकल मारून बसली. एरवी कड्याच्या इतक्या जवळ कुणी हाका मारत नसे; आता सात शनिवार पठारभर तीन-तीन हाका घुमल्या. आज शेवटचा शनिवार होता. जी बिनचूक येईल तिला पिवळा रुमाल मिळणार होता आणि ती पथकाची नायिका होणार होती. पारूला तो रुमाल जिवापाड हवा होता.

“पारू!”

दुसरी हाक. पुन्हा कड्याकडूनच.

ताईने बाराही मुलींकडे पाहिलं. चेष्टा करण्यात मैना पटाईत होती, पण ती शेजारीच ओठ मिटून उभी होती. असलं काही नसतं, असं ताई मनाशी म्हणाली. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाजही वाटत होती. म्हणून ती गप्प राहिली, आणि तिथेच चुकली.

“पारू!”

तिसरी हाक आली. स्पष्ट, हसरी, शेवटचं अक्षर लांबवलेली. अगदी ताई मारायची तशी.

“ओ!” पारू आनंदाने ओरडली आणि कड्याकडे चालू लागली.

“पारू, थांब! मी इकडे आहे! मी हाक मारली नाही!”

“मी फसायची नाय, ताई!” पारू खुदकन हसली आणि आणखी भरभर निघाली. बाकीच्या मुलींना चेव आला. त्या टाळ्या पिटून ओरडू लागल्या, “थांब, पारू, थांब!” खेळ त्यांना असाच तर शिकवला होता.

ताई धावली. चिखलात पडली, उठली, पुन्हा धावली. धुक्यात फक्त लाल परकर दिसत होता. कुठेतरी दगड सुटला आणि बराच वेळ खाली घरंगळत गेला. ताईच्या हाताला वेणी लागली. तिने ती सगळ्या ताकदीने मागे ओढली आणि दोघी गवतात कोसळल्या.

“येनी का वडली? मी बरोबर येत व्हती!” पारूने रागाने पट्टी काढली. मग तिला पुढे काय आहे ते दिसलं. दोन हातांवर जमीन संपली होती.

ताई तिला कवटाळून हुंदके देत होती.

“तुमी हाक मारली नाय?” पारूने विचारलं.

“नाही गं. एकदाही नाही.”

पारू धुक्याकडे पाहत राहिली. रुमालाबद्दल तिने एक शब्द काढला नाही. मग तिने ताईचे हात आपल्या अंगावरून हळूच बाजूला केले.

“तिला एकच हाक येत व्हती, ताई,” ती म्हणाली. “बाकीच्या दोन तिला कुनी शिकवल्या?”