निळी बादली

तीनशे साठ खुर्च्यांच्या नाट्यगृहात नऊ माणसं उरली होती, त्यातले तीन परीक्षक. एकांकिका स्पर्धेची रीतच तशी. आपला प्रयोग झाला की जो तो संघ सामान टेम्पोत भरून घराकडे निघतो आणि चिठ्ठीत शेवटचा नंबर आलेला रिकाम्या खुर्च्यांपुढे नाटक करतो. आज तो नंबर हणमंतच्या पहिल्यावहिल्या एकांकिकेचा होता.

शर्वाणीने त्या एकांकिकेची तालीम पाहिली होती. स्वतः लिहिलेल्या एकांकिकेचा प्रयोग सकाळीच आटोपून ती मोकळी झाली होती. ती धावत आवारात आली आणि भरलेल्या टेम्पोंपुढे उभी राहिली.

"मंडळी, थांबा! हणमंतचं नाटक बघून जा."

"अगं बाई, तो आपला प्रतिस्पर्धी!" तिचाच दिग्दर्शक ओरडला. "बक्षीस नको का तुला?"

"हवंय की. पण असं नाटक मला लिहिता आलं नाही, निदान बघू तरी."

"एवढं आहे काय त्यात?" टेम्पोवाल्या मामांनी विचारलं.

"एक निळी बादली आहे, मामा. दहाव्या मिनिटाला तिच्याकडे बघून हसाल. एकोणिसाव्या मिनिटाला तिच्याकडेच बघून गप्प व्हाल. नाही झालात तर सगळ्यांना चहा माझ्याकडून."

मामांनी किल्ली खिशात टाकली. "चला रे, फुकटचा चहा उपटू."

तिसरी घंटा झाली. शर्वाणी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून शेवटच्या रांगेत बसली. माणसं चौऱ्याऐंशी. दहाव्या मिनिटाचा हशा चौदा सेकंद टिकला. एकोणिसाव्या मिनिटाला मामांसकट कुणी खोकलंसुद्धा नाही.