रविवारी फोडायची देवी

"चेहरा तेवढा द्या. बाकी काय फोडायचं ते फोडा," साचेवाला म्हणाला.

गॅलरीच्या मॅनेजरने चहाचा कप खाली ठेवला. आठवड्यात तिसऱ्यांदा तो हेच ऐकत होता. "अहो काका, चेहरा म्हणजेच तर देवी. लोक काय नुसते हात बघायला येतात?"

हात आठ होते. एकात बॉक्सिंगचा ग्लव्ह, एकात व्हिडिओ गेमचा रिमोट, एकात लिपस्टिक, एकात कार्टूनचा मुखवटा. डोक्यामागे लाल दिव्याचं वलय होतं आणि आज किती जणांनी फोटो काढले त्याचा आकडा त्यावर पळत होता. चेहरा मात्र साधा होता. बारीक नाक, मिटलेले डोळे, हसू येता येता थांबलेले ओठ.

देवी केली होती एका नावाजलेल्या शिल्पकार बाईंनी. साचे साचेवाल्याचे. बाईंची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. एका साच्यातून एकच मूर्ती काढायची आणि साचा लगेच फोडून टाकायचा. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मूर्तीही फोडायची, लोकांसमोर, स्वतःच्या हाताने. घण पडतानाचा व्हिडिओ हेच आपलं खरं काम, असं त्या म्हणत.

"पण तुम्हाला तो हवाय कशाला?" मॅनेजरने विचारलं.

"माझ्या बायकोचा आहे. तीन वर्षांपूर्वी साच्यासाठी ठरलेली मुलगी आली नाही, म्हणून हिला खुर्चीत बसवून प्लास्टर घातलं होतं."

"मग त्यांनाच घेऊन या की. समजावतील तुम्हाला."

"कॅन्सर," साचेवाला म्हणाला. "जानेवारीत कळलं. मार्चमध्ये झालं सगळं."

मॅनेजरचा आवाज उतरला. "अरेरे. आधी बोलायचं नाही का? फोटो असतील ना घरी?"

"फोटोत चेहरा सपाट असतो."

मॅनेजरने बाईंना बोलावून घेतलं. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं ऐकलं.

"एवढं झालं आणि मला कळवलं नाहीत, मिस्त्री?"

"कुणालाच नाही कळवलं. तिची तशी इच्छा होती."

बाईंनी देवीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "देते. पण असा कोपऱ्यात नाही. रविवारी, सगळ्यांसमोर. मी घण उचलला की पुढे या आणि मागा."

"म्हणजे नाटक करू?"

"नाटक कसलं? खरंच मागताय ना?"

"आणि मला बोलायला जमलं नाही तर?"

"मग माझा नाइलाज आहे. लोक फोडलेली बघायला येतात, मिस्त्री. उचललेला घण मी उगीच खाली ठेवत नाही."

रविवारी हॉल गच्च भरला. सगळ्यांचे फोन वर होते. साचेवाला पहिल्या रांगेत उभा होता, पण घण उचलला गेला तेव्हा त्याचे पाय हलेनात. पहिल्या घावाला ग्लव्हचा हात गेला. दुसऱ्याला खांदा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा घण डोक्याच्या वर गेला.

"थांबा!"

तो ओरडला आणि तिथेच गुडघ्यांवर बसला. पाठ केलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही.

"बायकोचा चेहरा आहे हा. फोडू नका हो. माझ्याकडे दुसरा नाही."

मागे कुणीतरी हुंदका दिला. बाईंनी घण ठेवला, त्याला उठवून जवळ घेतलं, कॅमेऱ्याला दोघांची तोंडं दिसतील अशा बेताने. मग त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. कानांमागचे चार स्क्रू काढायला त्याला दहा मिनिटं लागली. वलयावरचा आकडा तोवर दुप्पट झाला होता.

दाराशी एका अनोळखी बाईने त्याचा हात धरला. "देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो."

"हो," तो म्हणाला.

बसमध्ये त्याने चेहरा शालीत गुंडाळून मांडीवर धरला होता. वळणं आली की तो दोन्ही हातांनी आवळून धरायचा. शेजारच्याने विचारलं, "बाळ आहे का?" त्याने मान हलवली. ती हो की नाही, हे शेजारच्याला कळलं नाही.

घरी पोचला तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. कुलूप काढून तो आत गेला. आतल्या खोलीत फोनवर तोच व्हिडिओ चालू होता. तो गुडघ्यांवर बसतो, तिथपर्यंत आला होता.

बायकोने फोन बंद केला. नाकाच्या जागी लावलेली पट्टी सारखी केली आणि शाल उलगडून आपलाच चेहरा मांडीवर घेतला.

"उद्याच डॉक्टरांकडे जाऊ," तो म्हणाला. "असलं माप मिळालं तर हुबेहूब नाक करून देतो म्हणालेत."

"मी मेले ते एक बरं झालं," ती म्हणाली. "आता कुणी बघायला येणार नाही."