खुर्चीतली सासू

‘नवी मी’ या रिॲलिटी शोचं शूटिंग बार्शीटाकळीत रागिणीच्या घरी चालू होतं. सासूपायी तिचं ब्युटी पार्लर कितीतरी वर्षं अडलेलं होतं, आणि पुण्याहून आलेल्या लाइफ कोच मॅडम आज तो अडसर काढणार होत्या. त्यांनी रागिणीपुढं एक रिकामी खुर्ची ठेवली.

“समजा, या खुर्चीत तुमच्या सासूबाई बसल्या आहेत. मनात साचलेलं सगळं बोलून टाका.”

रागिणीनं आधी डोक्यावर पदर घेतला. मग वाकून खुर्चीच्या पाया पडली आणि खाली सतरंजीवर बसली.

“अहो, ती नुसती खुर्ची आहे. तुम्ही वर बसा.”

“आत्याबाईच्या समोर कशी वर बसू, मॅडम?”

कॅमेरावाला तोंड दाबून हसला. रागिणीनं डोळे मिटले.

“आत्याबाई, मले पार्लर टाकाचं हाय. समोरची खोली रिकामीच पडून हाय. टाकू का?”

बोलता बोलता तिनं पदर डोळ्यांना लावला. मॅडमनी रुमाल काढला. असा शॉट रोज मिळत नाही.

तेवढ्यात सगळ्यांसाठी चहाचा ट्रे घेऊन खरी सासू दारात येऊन उभी राहिली. रागिणी दचकून उठली. कॅमेरा झर्रकन तिकडं वळला.

“सुनेला इतकी वर्षं नकार का दिलात तुम्ही?” मॅडमनी विचारलं.

“मी कवा नाही म्हटलं, बाई?” सासूनं ट्रे त्या खुर्चीवर ठेवला. “तिनं आज पहिल्यांदा इचारलं. तेबी खुर्चीले.”