चार बोटं

एकेचाळिसाव्या किलोमीटरच्या दगडापाशी सुताराचा उजवा गुडघा कुरकुरू लागला आणि पंचेचाळिसाव्यापाशी त्याने संपच पुकारला. सुतार सायकलवरून उतरला. ती ढकलत तो वळणावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत आला. समोरच बसथांबा होता. तिकडे त्याने मुद्दाम पाहिलं नाही.

चाळिशीचा मेकॅनिक चाकाच्या तारा ताणत बसला होता. त्याने आधी सायकल पाहिली, मग सुताराची उंची पाहिली, मग पुन्हा सायकल.

"काका, या सीटवर बसून तुमचे गुडघे कानाला लागत असतील."

जवळजवळ, सुतार म्हणाला. कुठे निघालात, असं मेकॅनिकने विचारलं, तेव्हा त्याने लेकीच्या गावाचं नाव सांगितलं. अजून सत्तेचाळीस किलोमीटर. याआधी सायकलवर लांबात लांब कुठे गेला होतात, तर लाकडाच्या वखारीपर्यंत, आणि तेही जवान होता तेव्हा. मेकॅनिक हसला. सीट जरा वर घेतली की दुखणं पळेल, पाच मिनिटांचं काम आहे, असं म्हणत तो पाना घेऊन उठलासुद्धा.

"सीटला हात लावू नकोस," सुतार म्हणाला.

"मग काय गुडघ्याला लावू?"

"बायकोची सायकल आहे. तिच्या मापाने आहे."

"एवढंच ना? परत जाताना या इकडून. होती तशी खाली करून देतो, काकूंना पत्ताही लागणार नाही."

सुताराने बाटलीचं झाकण उघडलं. पाणी प्यायला. झाकण घट्ट लावलं.

"ती गेली," तो म्हणाला. "अकरा महिने झाले."

मेकॅनिकने पाना खाली ठेवला. एक स्टूल पुढे सरकवलं आणि पुन्हा तारांकडे वळला. सुतार बसला. गुडघा चोळू लागला.

सतरा वर्षं ती याच सायकलने कामाला गेली. निवृत्त झाले की सायकलनेच लेकीकडे जाणार, न सांगता जाऊन दार वाजवणार, असं म्हणायची. डोकं फिरलंय तुझं, तो म्हणायचा, तू हो पुढे, मी बसने येतो मागून. निवृत्तीला दोन महिने राहिले होते तेव्हा ती आजारी पडली. आज सकाळी निघताना "येतो" म्हणायला घरात कोणी नव्हतं. त्याने नुसतं कुलूप ओढून पाहिलं.

घरात त्याने काहीच हलवलं नव्हतं. आरसा तिच्या उंचीला लावलेला होता, अजूनही दाढी करताना तो वाकून उभा राहायचा. स्वयंपाकघरातली फळीही तिच्याच हाताला येईल अशी त्याने ठोकली होती आणि तिथे रोज त्याचं कपाळ आपटायचं. तेव्हा ती हसायची. तो तिला बुटकी म्हणायचा. चार बोटांचा तर फरक आहे आपल्यात, ती म्हणायची. चार बोटं कसली, चांगली वीतभर आहे, तो म्हणायचा. दाराच्या चौकटी नुसत्या नजरेने जोखणारा माणूस तो. त्याच्या मापाला कोणी आव्हान देत नसे. ती द्यायची, पण उठून मोजायचं मात्र दोघांनाही कधी सुचलं नाही.

बस आली. कंडक्टरने दारातून सुताराचं गावाला निघाल्यासारखं ध्यान पाहिलं आणि ओरडून विचारलं, येताय का, सायकल टपावर टाकू. सुतार उठून उभा राहिला. गुडघ्यातून कळ आली. मी बसने येतो मागून. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

त्याने कंडक्टरला हातानेच नको म्हटलं. बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत तो तसाच उभा होता.

"पाना दे," तो मेकॅनिकला म्हणाला. "मीच करतो."

नट हलेना. तेल सोडलं, थोडा वेळ थांबले, पुन्हा जोर लावला. एवढा कोणी आवळून ठेवलाय हा, मेकॅनिक पुटपुटला.

"मीच," सुतार म्हणाला. सायकल घेतली त्या दिवशी ती सीटवर बसली होती, तो खाली बसून नट पिळत होता. आता जन्मात हलणार नाही बघ, असं म्हणाला होता.

तिसऱ्या झटक्याला नट कुरकुरला आणि सुटला. दोघांनी मिळून सीट पिळत पिळत वर घेतली. आतली नळी बाहेर आली. इतकी वर्षं उजेड न पाहिलेली, दुकानातून आत्ताच आणल्यासारखी चकचकीत. तिच्या वर, जिथपर्यंत ती सायकलच्या आत होती तिथे, गंजाचं एक तांबूस कडं राहिलं होतं.

मेकॅनिकने फडकं घेतलं आणि तो ते कडं पुसायला गेला. सुताराने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे ते."

सुताराने सीटवर बसून पाहिलं. पायडलवर टाच टेकवली. पाय सरळ झाला. आता बरोबर झाली बघा, मेकॅनिक म्हणाला, पोचाल संध्याकाळपर्यंत. सुताराने नट आवळला, पण बेताने.

मग तो खाली उतरला. सीटखाली वाकला आणि गंजाच्या कड्याखाली त्या चकचकीत तुकड्यावर त्याने हात आडवा धरला. करंगळी, मधली दोन, तर्जनी. बरोबर बसली. अंगठा बाहेर राहिला.

"काय मोजताय, काका?"

सुताराने मान वर केली नाही.

"हो गं," तो म्हणाला. "चारच."