नीवेसचा कान

निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं एर्मेते गॅरेजमध्ये जुनी लाल स्पोर्ट्स कार दुरुस्त करत होता. आज ती पहिल्याच चावीला सुरू झाली, तशी त्यानं बायकोला हाक मारली. नीवेस रेसच्या गाड्यांच्या मेकॅनिकची लेक. अख्ख्या मोदेना शहरात इंजिनाची नाडी कळावी ती तिलाच.

तिनं कान लावला. जात्यावर ओवी म्हणावी तसं इंजिन गात होतं, एकही ठोका चुकत नव्हता.

"सुटलो बुवा!" एर्मेते हात पुसत म्हणाला. "उद्यापासून दिवसभर तुझ्या स्वयंपाकघरात! अगं, सारण भरायच्या तोर्तेलिनीची पारी केवढी जाड लाटतेस! शेजारी बसून शिकवतो नीट."

नीवेसनं पुन्हा एकदा कान लावला.


"अहो, आत काहीतरी खरखरतंय. सगळं इंजिन उघडावं लागणार!"