सिॲटल ते मिरज

"या वेळी नक्की ना, सुमे?" फोनवर दिगूदादा विचारत होता. "सिॲटल ते मुंबई म्हणजे अर्धी पृथ्वी गं! अख्खा दिवस विमानात, वाटेत दोहाला ताटकळायचं ते वेगळं. पुन्हा मिरजेपर्यंत गाडी."

आईच्या उशाशी बसून सुमती ऐकत होती. गेल्या खेपेला हा पठ्ठ्या अग्नी द्यायचा म्हणून कोरं धोतर घेऊनच विमानात बसला होता. आईनं उठून पिठलंभात मागितला, तेव्हा कुलदीपकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. आणि आईला मात्र अग्नी ह्याच्याच हातचा हवा होता!

"डॉक्टरांनी आशा सोडलीय, दादा. आई वाट बघतेय."

"डॉक्टर मागेही तेच म्हणाले होते! उगीच हेलपाटा नको. झालं की कळव, लगेच निघतो. तोवर बर्फावर ठेवा तिला. अग्नी मुलानंच द्यायचा असतो, शास्त्र आहे."

फोनचा स्पीकर चालू होता. सुमतीनं तो बंद करायला हात पुढे केला, पण आईनं डोळे उघडले होते.

"धावपळ करू नकोस रे बाबा," आई क्षीण आवाजात, पण स्वच्छ म्हणाली. "तिथंच डोक्यावरून पाणी घे, म्हणजे झालं."

"अगं आई... आणि अग्नी?"

"सुमती देईल. तिला फक्त स्वयंपाकघरातून यायचंय."